‘जोडू नको’ची चाचणी

वळवाच्या पहिल्या सरीला घरातले दिवे क्षणभर जातात आणि कोणी ‘गेली वाटतं’ म्हणेपर्यंत परत येतात. टीव्ही बंद होऊन पुन्हा सुरू होतो, फ्रीज एकदा हुंकारतो आणि सगळे ते विसरून जातात. त्या एक-दोन सेकंदांत कुठल्याशा उपकेंद्रात दोन निर्णय झालेले असतात. लाइनवर बिघाड आहे, वीज तोडा, हा पहिला. बिघाड बहुधा निघून गेला असेल, पुन्हा जोडून पाहा, हा दुसरा. पहिल्याची कल्पना घरच्या एमसीबीमुळे सर्वांनाच असते. दुसरा निर्णय घेणारा ‘ऑटो रिक्लोज रिले’ मात्र उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर कोणाला ठाऊक नसतो. त्याचे काम बिनबोभाट चालते, हे त्याचे श्रेय. त्याची तपासणीही तितक्याच बिनबोभाटपणे अर्धवट राहून जाते, ही चिंतेची बाब.

हा रिले हवाच कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बिघाड झाला तर आधी तो शोधावा, दुरुस्त करावा आणि मग वीज सोडावी, हे साधे शहाणपण झाले. पण उघड्यावरून जाणाऱ्या लाइनवरचे शेकडा ७० ते ९० बिघाड तात्पुरते असतात, हा जगभरचा अनुभव आहे. आकाशातली वीज कोसळते, ओली फांदी तारांना घासून जाते, एखादा मोठा पक्षी पंख पसरताना चुकतो, संक्रांतीत अडकलेल्या पतंगाचा ओला मांजा लोंबतो. क्षणभर हवाच पेटते आणि तारेपासून खांबापर्यंत विजेची कमान, म्हणजे आर्क, उभी राहते. वीज तोडली की आर्क विझतो, तापलेली हवा निवते आणि पूर्वीसारखी रोधक होते. लाइनमध्ये मग दोष असा उरतच नाही. तरीही लाइनमनने मोटारसायकल काढून पंधरा-वीस किलोमीटरचे खांब पाहत फिरावे आणि तोवर दवाखाना, पाणीपुरवठा नि पिठाची गिरणी अंधारात राहावी, यात कोणाचेच भले नाही.

मोठ्या पारेषण वाहिन्यांवर तर कारण याहून गंभीर आहे. ४०० किलोव्होल्टची वाहिनी दोन दूरच्या प्रदेशांतील वीजकेंद्रांना एका तालात बांधून ठेवते. तीनपैकी एका फेजवर बिघाड झाला तर तेवढीच फेज सोडवायची, सुमारे सेकंदभर थांबायचे आणि पुन्हा जोडायची, अशी पद्धत भारतातही रुळलेली आहे. त्या सेकंदात उरलेल्या दोन फेज निम्म्याच्या आसपास वीज वाहून नेतात आणि ताल सुटत नाही. अमेरिकेत फिलिप स्पॉर्न आणि सी. ए. मुलर या अभियंत्यांनी १९३०च्या दशकातच झटपट पुनर्जोडणीचे प्रयोग प्रत्यक्ष वाहिन्यांवर केले होते. नव्वद वर्षांत हे तंत्र इतके अंगवळणी पडले की त्याविना आजचे ग्रिड चालवणे अवघडच. तेव्हा रिक्लोज रिले काढून टाका, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

पण उरलेल्या शेकडा दहा ते तीस बिघाडांचे काय? तिथे तार तुटून खाली आलेली असते, झाड लाइनवर आडवे झालेले असते, खांब वाकलेला असतो. रिलेला डोळे नसतात. त्याला कळतो तो फक्त विद्युतप्रवाह आणि दाब. तुटलेल्या तारेखाली वाफसा झालेले रान आहे की शाळेची वाट, हे त्याला कळत नाही. तो ठरल्या वेळेने वीज पुन्हा सोडतो. वितरणाच्या ११ किंवा ३३ किलोव्होल्टच्या लाइनवरचे रिक्लोजर तर एकदा सोडून थांबत नाहीत. दोनदा, तीनदा प्रयत्न करायचा आणि त्यानंतरच हार मानायची, अशी त्यांची रचना करता येते. शेवटच्या प्रयत्नानंतर रिले ‘लॉकआउट’ होतो, म्हणजे माणसाने येऊन सोडवल्याखेरीज जोडत नाही.

शरीराच्या बाजूने पाहिले की या दोन-तीन प्रयत्नांचा अर्थ नीट उमगतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाचे हृदय किती धोक्यात आहे, हे दोन गोष्टींवर ठरते: प्रवाह किती आणि किती वेळ. घरगुती संरक्षक स्विच ३० मिलिअँपिअरला तुटतो तो याच हिशेबाने. त्याहून थोडा जास्त प्रवाह छातीतून काही क्षण गेला तरी हृदयाचे कप्पे तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. तार पडली, ठिणग्या उडाल्या, मग सारे शांत झाले. अशा वेळी बघणाऱ्याला वाटते, वीज गेली. भाऊ भावाला सोडवायला धावतो, शेतकरी बैलाची दावण तोडायला जातो. नेमका तो क्षण रिलेच्या दोन प्रयत्नांमधला असू शकतो. आवाज थांबला म्हणजे तार मेली असे नाही, हे गावोगाव सांगायला हवे ते यासाठी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत विजेच्या धक्क्याने दगावलेल्यांची संख्या वर्षानुवर्षे दहा हजारांच्या वर आहे. त्यात घरातल्या गिझरपासून शेतातल्या मोटारीपर्यंत सारे आले. तुटलेल्या तारेचे बळी त्यातलाच एक हिस्सा. पण हा हिस्सा असा आहे की जिथे यंत्राने घेतलेला निर्णय माणसाच्या जिवाशी थेट जोडलेला असतो.

त्यात एक विचित्र गोष्ट अशी, की कोरड्या जमिनीवर, मुरमाच्या रस्त्यावर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून जमिनीत जाणारा प्रवाह फारच थोडा असतो. कधी कधी तो गावाच्या रोजच्या वापरापेक्षाही कमी. पडताना तार खांबाच्या लोखंडाला टेकली तेव्हा रिलेने मोठा बिघाड पाहिला आणि तोडले. पुन्हा जोडले तेव्हा तार कोरड्या मातीत पडलेली, प्रवाह मामुली. रिलेच्या लेखी पुनर्जोडणी यशस्वी झाली! नोंदवहीत ‘तात्पुरता बिघाड’ अशी नोंद पडते आणि तार जिवंतच राहते.

याची फार मोठी किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली आहे. ७ फेब्रुवारी २००९ रोजी व्हिक्टोरिया राज्यात मेलबर्नचा पारा ४६ अंशांवर गेला होता आणि वारे सोसाट्याचे होते. किलमोर ईस्ट येथे एका टेकडीवरून दुसरीकडे जाणाऱ्या सुमारे एक किलोमीटर लांबीच्या गाळ्यातली जुनी, एकेरी तार तुटली. तिच्या टोकाची जोडणी चुकीची बसली होती, तिथे तारेचे पीळ थकत गेले होते. आर्कमुळे वाळलेल्या गवताने पेट घेतला. त्या एका आगीत ११९ माणसे गेली. त्या दिवशीच्या सर्व आगींत मिळून मृतांची संख्या १७३. तार तुटण्यात रिक्लोजरचा दोष नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०१० मध्ये अहवाल दिला तेव्हा रिक्लोजरकडेही बोट दाखवले. आगीच्या हंगामातील सर्वाधिक धोक्याच्या सहा आठवड्यांत अशा एकेरी तारेच्या लाइनवरील पुनर्जोडणी बंदच ठेवावी आणि संपूर्ण आगबंदीच्या दिवशी २२ किलोव्होल्टच्या लाइनवर एकच प्रयत्न होऊ द्यावा, अशी शिफारस त्याने केली. आगपीडितांच्या सामूहिक दाव्यात २०१४ मध्ये ४९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रकमेची तडजोड झाली.

या शिफारशीने चाचणीचा प्रश्नच उलटा केला. तोवर ‘रिक्लोजर नीट चालतो का’ याचा अर्थ ‘तो जोडतो का’ असा होता. आता विचारायचे होते की ज्या दिवशी जोडू नये, त्या दिवशी तो खरोखरच गप्प बसतो का. हा प्रश्न ऐकायला सोपा आहे, तपासायला अतिशय कठीण. का, ते समजायला उपकेंद्रातल्या पॅनलसमोर थोडे थांबावे लागेल.

चाचणी होते ती अशी. अभियंता सुटकेसएवढी एक पेटी घेऊन येतो. हजारो अँपिअरचा प्रवाह आणि लाखो व्होल्टचा दाब रिलेपर्यंत जसाच्या तसा कधी येत नसतो. मध्ये बसलेले ट्रान्सफॉर्मर त्याला १ अँपिअर आणि ११० व्होल्टच्या मापात उतरवतात. पेटी तोच छोटा प्रवाह नि दाब कृत्रिमपणे तयार करून रिलेला फसवते. आधी निरोगी लाइन दाखवायची, मग एका फेजवर बिघाड. रिले तोडतो, सेकंदभर थांबतो, जोडण्याचा हुकूम देतो. घड्याळ लावून वेळ मोजली, पहिली चाचणी झाली. मग जोडल्यावरही बिघाड कायम ठेवायचा. रिलेने आता तिन्ही फेज तोडून लॉकआउट व्हायला हवे. त्यानंतर ‘रिक्लेम टाइम’. एकदा यशस्वी जोडणी झाल्यावर रिले ठरावीक काळ, भारतात सहसा २५ सेकंद, दबा धरून असतो. त्या आत पुन्हा बिघाड आला तर तो जोडायचा नाही, नंतर आला तर नवा डाव. म्हणून एक बिघाड चोविसाव्या सेकंदाला आणि एक सव्विसाव्या सेकंदाला घालून पाहायचा. हे सारे तासाभराचे काम. अहवालावर ‘समाधानकारक’ असा शिक्का बसतो.

पण येथवर तपासले गेले ते बहुतांशी ‘जोड’. रिलेने जोडू नये अशा परिस्थितींची यादी कितीतरी लांब आहे. ब्रेकरची स्प्रिंग भरलेली नाही. ब्रेकरमधल्या गॅसचा दाब उतरला आहे. लाइन माणसाने नुकतीच हाताने सोडली आणि सोडताक्षणी बिघाड आला, म्हणजे कदाचित कोणी अर्थिंग काढायला विसरला. बिघाड लाइनवर नसून बसबारवर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. दुसऱ्या टोकाशी बोलणारी संदेशवाहिनी बंद आहे. ब्रेकरने तोडण्याचा हुकूमच पाळला नाही. लाइनचा काही भाग जमिनीखालच्या केबलचा आहे, जिथे बिघाड तात्पुरता असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. (मुंबई शहरातले वितरण भूमिगत केबलवर चालते, तिथे पुनर्जोडणीचा विचार होत नाही तो यामुळेच.) आणि सर्वांत महत्त्वाचे, लाइनवर माणसे काम करत आहेत.

यातल्या दहाच ‘हो-नाही’ अटी धरल्या तरी त्यांच्या जुळण्या १,०२४ होतात. रिक्लेम टाइम गृहीत धरून प्रत्येकीला अर्धा मिनिट दिला तरी साडेआठ तास. तीन फेजना वेगवेगळे तपासले तर पंचवीस तासांच्या वर. एवढा वेळ कोणी देत नाही आणि सगळ्या जुळण्या तपासण्याची गरजही नसते. त्यातल्या कोणत्या निवडायच्या, हे शहाणपण मात्र लागते. ते पेटीत येत नाही. आजच्या पेट्या संगणकावरून ठरीव चाचण्या आपोआप चालवतात, अहवालही छापून देतात. सोय मोठी आहे. पण ठरीव चाचण्यांत सहसा ‘जोड’ असते. ‘जोडू नको’ ही त्या त्या उपकेंद्राची, त्या त्या लाइनची गोष्ट असते आणि ती कोणीतरी बसून लिहावी लागते.

दुसरी अडचण खोट्या ब्रेकरची. चाचणीत पेटीच ब्रेकरची भूमिका करते. रिले म्हणाला तोड, पेटी तत्काळ ‘तुटले’ म्हणते. रिले म्हणाला जोड, पेटी ‘जुळले’ म्हणते. नाटकातला हा ब्रेकर कधी अडखळत नाही. खरा ब्रेकर लोखंडी असतो. त्याला गंज चढतो, वंगण सुकते, त्याची स्थिती कळवणारे सहायक संपर्क थरथरतात किंवा उशिरा हलतात. जोडणारी स्प्रिंग एकदा सुटली की मोटार ती पुन्हा भरते, त्याला काही सेकंद जातात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार झटपट पुनर्जोडणीच्या ब्रेकरचा ठरलेला क्रम असतो: तोड, ०.३ सेकंद, जोड-तोड, मग ३ मिनिटे विश्रांती, मग पुन्हा जोड-तोड. रिलेने त्या विश्रांतीची पर्वा केली नाही तर दमलेला ब्रेकर पूर्ण बिघाडावर जोडला जाईल आणि कदाचित तोडू शकणार नाही. हे पाहायचे तर खऱ्या ब्रेकरवरच पाहायला हवे. पण प्रत्येक चाचणीत त्याचे आयुष्य थोडे खर्च होते. साध्या वर्गातल्या ब्रेकरची यांत्रिक कसोटी २,००० वेळा चालवून घेतलेली असते, कणखर वर्गातल्याची १०,००० वेळा. त्यामुळे अभियंते दोन-तीनदाच खरा ब्रेकर चालवतात, बाकी पेटीवर भागवतात. हे अयोग्य नाही. मात्र त्या दोन-तीन वेळा काय तपासायचे, हे आधी ठरलेले हवे.

तिसरी अडचण अधिक फसवी. दोन यंत्रे वेगवेगळी तपासली तर दोन्ही उत्तीर्ण होतात आणि एकत्र आली की भांडतात. ब्रेकरची एक फेज उघडी आणि दोन जोडलेल्या, ही स्थिती लांबू नये म्हणून एक स्वतंत्र रिले असतो. तो ठरावीक वेळ वाट पाहून तिन्ही फेज तोडून टाकतो. एकेरी पुनर्जोडणीसाठी मात्र तीच स्थिती सेकंदभर टिकावी लागते. या पहारेकऱ्याची वेळ चुकून सेकंदाच्या आत लावली असेल, तर पुनर्जोडणी होण्याआधीच वाहिनी पूर्ण सुटते. दोन्ही रिले आपापल्या अहवालात निर्दोष असतात. जिथे एका लाइनला दोन ब्रेकर असतात तिथे आधी कोणी जोडायचे, पहिला अपयशी ठरला तर दुसऱ्याने गप्प राहायचे, असे आणखी करार आहेत. ते सारे पूर्वी तारांनी केलेले असत, आता रिलेच्या आत संगणकी तर्कात लिहिलेले असतात. तार डोळ्यांना दिसत होती. तर्कातली एक ओळ बदलली तर पॅनलचा चेहरा बदलत नाही.

आणि चाचणीनंतरचे काम. चाचणी करताना रिलेच्या तारा बाजूला काढलेल्या असतात, रिक्लोजचा स्विच बंद केलेला असतो, काही अटी जंपर लावून खोट्याच पूर्ण केलेल्या असतात. संध्याकाळ होते, लाइन परत मागणारे फोन सुरू होतात. स्विच बंदच राहिला तर पुढच्या वादळापर्यंत कोणाला कळत नाही. जंपर राहिला तर याहून वाईट: ‘जोडू नको’ म्हणणारा एक आवाज कायमचा दाबला गेलेला असतो. चाचणीनेच दोष पेरला, असा हा प्रकार. संरक्षण अभियंत्यांच्या बोलण्यात तो दबक्या आवाजात येतो, अहवालात क्वचितच.

अमेरिकेत या रिलेंची देखभाल सक्तीची करावी का, यावर काही वर्षे वाद झाला. तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २०१२ मध्ये सांगितले की ग्रिडच्या विश्वासार्हतेवर परिणाम करू शकणारे रिक्लोज रिले देखभालीच्या मानकात घ्यावेत. अभ्यासाअंती तंत्रज्ञांचे म्हणणे असे पडले की रिले जोडायला चुकला तर ग्रिड सहसा निभावून नेते, खरा धोका तो वेळेआधी जोडण्याचा. मोठ्या वीजकेंद्राजवळ बिघाड विझण्याआधीच पुन्हा जोडले, तर जनित्राला एकाच घटनेत दुहेरी तडाखा बसतो. म्हणून जानेवारी २०१५ मध्ये मंजूर झालेल्या मानकात प्रामुख्याने मोठ्या वीजकेंद्रांजवळचे रिक्लोज रिले आले. स्वतःवर लक्ष ठेवू शकणाऱ्या आधुनिक रिलेची तपासणी जास्तीत जास्त बारा वर्षांनी, तशी सोय नसलेल्यांची सहा वर्षांनी. ग्रिडच्या दृष्टीने हा विचार बरोबर आहे. मात्र त्या मानकाची नजर मोठ्या ग्रिडवर आहे. गावाबाहेरच्या खांबावर टांगलेला रिक्लोजर त्यात येत नाही आणि तुटलेल्या तारेजवळ उभा असलेला माणूस तर येतच नाही.

भारतात चित्र फारसे वेगळे नाही, तरी एक बाब आशादायक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ग्रिड संहितेनुसार २२० किलोव्होल्ट आणि त्यावरील यंत्रणा चालवणाऱ्यांनी आपल्या संरक्षण प्रणालीचे दरवर्षी अंतर्गत आणि पाच वर्षांतून एकदा त्रयस्थ लेखापरीक्षण करून घ्यायचे आहे. शिवाय संरक्षणाचे गुणांक दरमहा द्यायचे आहेत. त्यातला एक गुणांक, हवे तेव्हा यंत्रणा चालली का, हे मोजतो आणि दुसरा, नको तेव्हा ती गप्प राहिली का. कायद्यात ‘न करण्याला’ही गुण देण्याची ही पद्धत फार मोलाची आहे. पश्चिम भारतापुरते हे काम मुंबईतील पश्चिम क्षेत्रीय विद्युत समितीच्या देखरेखीखाली येते. प्रत्यक्ष बिघाडाच्या वेळी रिलेने काय पाहिले नि काय केले, याचा आलेख आधुनिक रिले स्वतःच नोंदवून ठेवतो. तो आलेख ही फुकटात मिळालेली, खऱ्या ब्रेकरवरची, खऱ्या वादळातली चाचणी असते. पुनर्जोडणी झाली तरीही तो वाचला गेला पाहिजे. ‘लाइन आली, विषय संपला’ ही सवय इथे सर्वांत महाग पडते.

अडते ते खाली, ३३ आणि ११ किलोव्होल्टवर, जिथे माणसे राहतात. ग्रिड संहितेचे हे परीक्षण तिथपर्यंत उतरत नाही. अनेक ग्रामीण उपकेंद्रांत तर आजही रिक्लोजर म्हणजे ऑपरेटरच. फीडर ट्रिप झाला की तो एकदा ‘ट्रायल’ घेतो, राहिला तर ठीक, नाही तर लाइनमनला फोन. या मानवी रिक्लोजरची एक बाजू चांगली असते. गावातून ‘तार पडलीय, सोडू नका’ असा फोन आला तर तो थांबतो. केंद्राच्या २०२१ मधील वितरण सुधारणा योजनेत तीन लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च अपेक्षित आहे आणि वितरण जाळ्याचे आधुनिकीकरण हा तिचा एक भाग. पुढच्या काही वर्षांत खांबाखांबावर स्वयंचलित पेट्या वाढणार, हे उघड आहे. त्या बसवाव्यातच. पण ज्या यंत्राला फोन उचलता येत नाही, त्याच्या ‘जोडू नको’च्या अटी ऑपरेटरच्या शहाणपणाइतक्या तरी तपासलेल्या असायला हव्यात.

त्यात प्रोत्साहनाची गोमही आहे. वीज किती वेळा नि किती काळ गेली, हे मोजताना अमेरिकी आयईईई मानकानुसार पाच मिनिटांपर्यंतचा खंड मुख्य निर्देशांकात धरला जात नाही. म्हणजे रिक्लोजरने तीन प्रयत्नांत वीज आणली तर कागदावर काही घडलेच नाही. अशा मापाने प्रयत्नांची संख्या वाढवण्याकडे कल जाणारच. तीनचा एक करणाऱ्या अभियंत्याचे आकडे बिघडतात, त्याने वाचवलेले काय ते कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

महाराष्ट्रात याचा विचार हंगामाप्रमाणे व्हावा. कोल्हापूर, सांगलीकडे तोडणीला आलेला ऊस तारांच्या ठिणगीने पेटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा फडांवरून जाणाऱ्या लाइनवर जानेवारी ते मे एकच प्रयत्न, किंवा कोरड्या वाऱ्याच्या दिवशी एकही नाही, असा नियम करता येईल. कोकणात जूनमध्ये विजा कडाडतात तेव्हा दोन प्रयत्न योग्य ठरतील. पण हंगामाचा हा बदल म्हणजे शेकडो रिक्लोजरच्या सेटिंगमध्ये वर्षातून दोनदा हात घालणे. प्रत्येक बदलानंतर तपासणी लागते, नाहीतर बदल कागदावर होतो आणि खांबावर जुनेच चालू राहते. व्हिक्टोरियाने पुढे ४५ उपकेंद्रांत पडलेल्या तारेतला प्रवाह क्षणात दाबणारी यंत्रणा बसवली आणि उन्हाळ्याआधी तिची वार्षिक चाचणी बंधनकारक केली. या चाचण्यांत लाइनवर मुद्दाम खरा बिघाड घडवून पाहतात. त्याआधी २०१४ मध्ये फ्रँकस्टन साउथ येथे वाळलेल्या गवतावर जिवंत तार पाडून ते पेटते का, हे तपासले गेले होते. खर्चिक आणि कटकटीचे काम. पण गवत पेटते की नाही, हे सुटकेसएवढी पेटी सांगू शकत नाही.

शटडाऊन हा या साऱ्याचा कळीचा मुद्दा आहे. उन्हाळ्यात मागणी शिखरावर असते, पावसाळ्यात काम करता येत नाही, हिवाळ्यात रब्बीचे पंप चालू असतात. लाइन कधीच मोकळी नसते. भार प्रेषण केंद्राकडे चार तास मागितले तर दोन मिळतात आणि त्या दोनांत आधी दिसणारी कामे उरकली जातात: झाडे छाटणे, फुटके इन्सुलेटर बदलणे, सैल जंप आवळणे. रिले शेवटी. दोष कोणा एकाचा नाही. वीज गेली की ओरडणारे हजारो आहेत, रिले तपासला नाही म्हणून ओरडणारा एकही नाही. म्हणून नियामकाने बोलायला हवे. ३३ आणि ११ किलोव्होल्टवरील प्रत्येक स्वयंचलित रिक्लोजरच्या चाचणी-अहवालात ‘न जोडण्याच्या’ चाचण्यांचा स्वतंत्र तक्ता असावा आणि त्याखाली स्विच, जंपर, सेटिंग पूर्ववत केल्याची दुसऱ्या माणसाची सही असावी. चाचणीसाठी घेतलेला शटडाऊन कंपनीच्या विश्वासार्हतेच्या आकड्यांतून वजा धरावा, म्हणजे तपासणारा शिक्षेस पात्र ठरणार नाही. खांबावर चढणाऱ्या लाइनमनच्या परमिटवर ‘रिक्लोज बंद केला’ ही ओळ छापील असावी आणि ती भरल्याखेरीज परमिट देऊ नये. खांबावर तो आपले अर्थिंग करतोच, पण ते झाल्याशिवायचे पहिले काही क्षण त्या एका ओळीच्या भरवशावर असतात.

हे होईपर्यंत नागरिकांनी एवढे तरी पाळावे. पडलेली तार ठिणग्या उडवीत असो वा निपचित, ती जिवंतच समजावी. दहा मीटर दूर राहावे, काठीनेही हलवू नये, ओल्या जमिनीवर मोठी पावले टाकत पळू नये. कोणी तारेला चिकटले असेल तर ओढायला धावण्याआधी १९१२ वर किंवा उपकेंद्रात फोन करून फीडर बंद केल्याची आणि पुन्हा सोडणार नसल्याची, दोन्ही खात्री करून घ्यावी. त्यानंतर श्वास नि नाडी नसेल तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबवू नये.